शिशाचं नवं

पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात आमचा कोंड, म्हणजे लहानशी वाडी, आहे. कोंडामागच्या ओढ्यात काळ्या कातळाला उभी चिरत एक पांढरी शीर वर चढते. कुठे हातभर रुंद, कुठे चार बोटं. मध्येच कातळात गडप होते आणि पन्नास पावलांवर पुन्हा डोकं काढते. गावच्या बायका तिच्यावर कपडे आपटायच्या, कारण बाकीचा कातळ खरखरीत आणि ही पाण्याने गुळगुळीत झालेली. त्या शिरेने आपल्या घराचं वाटोळं केलं, असं माझी आई मरेपर्यंत म्हणत होती. खरं काय झालं ते आईला कधी कळलं नाही. ज्यांना कळलं होतं त्या तिघांपैकी दोघं गेले, मी उरले. आता सत्तरी उलटली आहे. महाडात मुलाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये माझा दिवस खिडकीशी जातो, आणि सूनबाई शाळेत शिकवायला गेली की घरात बोलायला कुणी नसतं. म्हणून लिहिते. लिहून हलकं वगैरे वाटेल अशी माझी समजूत नाही.

शिरेत शिसं आहे हे गावाला आधीपासून ठाऊक होतं. माझे पणजोबा शिकारी. त्यांच्या ठासणीच्या बंदुकीला छर्रे लागायचे, ते त्यांनी बाजारातून कधी आणले नाहीत. शिरेच्या एका खोबणीतून करड्या रंगाचे जड खडे कोरून काढायचे आणि कोळशाच्या भट्टीत घालून वितळवायचे. पुढे कुणी गोरा साहेब आला. त्याने माणसं लावून शिरेच्या कडेने पुरुषभर खोल चर खणला, आणि पावसाळा तोंडावर आल्यावर जो गेला तो परत फिरकला नाही. त्या चराला आम्ही गोऱ्याचा खड्डा म्हणायचो. त्यात दर वर्षी एखादं वासरू पडायचं आणि सगळा कोंड दोर घेऊन धावायचा. एवढाच आमच्या शिशाचा इतिहास. पणजोबांनी सगळं चांगलं चांगलं आधीच रानडुकरांवर उडवून टाकलं, असा विनोद बाबा करायचे. मी सांगते आहे त्या हिवाळ्यानंतर त्यांनी तो केला नाही.

घरात तेव्हा आम्ही तिघंच, बाबा, आई आणि मी. माझा भाऊ वसंत, मी त्याला दादा म्हणायची, मुंबईत कापडछपाईच्या कारखान्यात होता. त्यात नवल नव्हतं; आमच्या कोंडात मिसरूड फुटलेला पुरुष दिसला की तो रजेवर आलाय किंवा आजारी आहे असंच लोक धरून चालायचे. आई रोज चार माणसांच्या भाकऱ्या थापायची आणि रोज एक उरायची. ती सकाळी मला मिळायची, नाचणीची, कडक झालेली, कोऱ्या गुळाच्या चहात बुडवून. वालाचं बिरडं केलं की आई पहिली वाटी काढून बाजूला ठेवायची आणि मग कपाळावर हात मारून ती परत पातेल्यात ओतायची. आईची शिस्त मोठी. शेजारून आलेली वाटी रिकामी परत द्यायची नाही, चिमूटभर मीठ तरी घालायचं. कणगीतून दाणे काढले की माप रिकामं ठेवायचं नाही, मूठभर दाणे त्यात राहू द्यायचे. आणि शेतात, परड्यात, झाडावर जे काही पहिलं येईल ते काळकाईचं. पहिल्या लोंब्या, पहिली काकडी, नव्या म्हशीचं पहिलं दूध. त्याला आम्ही नवं म्हणायचो. नवं देवीला दिल्याशिवाय घरात कुणी जिभेला लावायचं नाही. मला हे सगळं कटकटीचं वाटायचं, पण मोडायची छाती नव्हती.

दिवाळी झाल्यावर शिरेचा तपास करायला साहेब आले. पुण्याकडचे, पंचविशी-तिशीचे, नाकावर चष्मा, पायात जाड बूट, आणि कातळ दिसला की हातोडीने ठोकल्याशिवाय पुढे न जाणारे. त्यांच्यामागून ट्रक आला, त्यात भोक पाडायचं मशीन, पाण्याचा पंप, लोखंडी नळ्या आणि एक परप्रांतीय मिस्त्री. शिरेच्या वरच्या टेपाडावर मशीन उभं राहिलं आणि दिवसभर दडदड सुरू झाली. पहिले दोन दिवस कोंबड्यांनी अंडी घातली नाहीत. मशीन डोंगरात नळी घालायचं आणि नळीतून दगडाच्या गोल कांड्या निघायच्या, उसाच्या कांड्यांसारख्या, मनगटाएवढ्या जाड. त्या निघाल्या त्याच क्रमाने लांब लाकडी खोक्यांत ओळीने मांडायच्या आणि मध्ये मध्ये किती खोलीवर निघाल्या ते लिहिलेली लाकडाची चकती ठेवायची. खोकी ठेवायला आमची पडवी घेतली आणि राखणीला बाबांना ठेवलं. बाबांना अक्षरओळख नव्हती. ते संध्याकाळी मला हाक मारायचे, मी चकत्या वाचून दाखवायची आणि ते मान डोलवायचे.

साहेब पडवीत बसून कांड्या भिंगातून बघायचे आणि वहीत लिहायचे. मला विचारायचा भारी सोस. मी विचारलं की ते मानेनेच थांब म्हणायचे, ओळ पुरी करायचे आणि मग नीट सांगायचे. "हा सगळा सह्याद्री म्हणजे थिजलेला रस आहे. थरावर थर. या काळ्या दगडात शिसं सहसा सापडत नाही, म्हणून ऑफिसात मला हसतात." मग शिरेत ते कुठून आलं, मी म्हटलं. "तू सवच्या कुंडात अंघोळ केली आहेस ना? तसलंच गरम पाणी. डोंगराला भेग पडली, त्यातून ते वर आलं, थंड होताना भेगेत ही पांढरी गार, म्हणजे गारगोटीचा दगड, भरली. पाण्याने वाटेत कुठून शिसं उचललं असेल तर तेही तिच्यात उतरलं. वर आहे ते थोडंसंच. खाली किती ते बघायला भोक पाडतोय." आणि खाली असलं तर, बाबांनी विचारलं. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "असलं तर इथं खाण होईल. कोंडातल्या माणसाला मुंबईला जायचं कारण राहणार नाही." ते सहज बोलले. बाबांनी मात्र ते वाक्य उचललं आणि त्याच दिवशी माझ्याकडून दादाला पत्र लिहून घेतलं. काम सोडून ये, इथं कायमची नोकरी होते आहे. "होईल" असं लिहू का, असं मी विचारलं होतं. बाबा म्हणाले, "होते हाय असंच लिव."

दादा आला. कारखान्यात राजीनामा देऊन, ट्रंक घेऊन. साहेबांनी त्याला मशीनवर नळ्या चढवायला-उतरवायला घेतलं. आई भाकऱ्या मोजून करायची आणि एकही उरायची नाही. ते अडीच महिने आमच्या घरात जो आवाज होता तो पुन्हा कधी झाला नाही. दादा शीळ घालायचा, आई त्याला रागवायची, बाबा विनाकारण पडवीत येरझाऱ्या घालायचे आणि खोक्यांवरची धूळ पंच्याने झटकायचे. मी आयुष्यात फार सुख बघितलेलं नाही, पण जे बघितलं ते त्या पडवीत.

साहेब आठ दिवसांसाठी पुण्याला गेले होते तेव्हाची गोष्ट. एका दुपारी पंप बिघडला म्हणून मिस्त्री ओढ्यावर उतरला आणि नळी दादाने एकट्याने रिकामी केली. मी शाळेतून येऊन पाटी-दप्तर ठेवते आहे तोच दादा दोन्ही हातांत कांड्या धरून पडवीत आला. पांढऱ्या गारेच्या तीन कांड्या, आणि मधली जवळजवळ सगळीच करडी. वीतभर लांब, निघतानाच एका अंगाने उभी फुटलेली, म्हणून एकच बाजू गोल. उन्हात धरली की आरशासारखी चमकायची आणि फुटलेल्या टोकाला बारीक बारीक चौकोनी पायऱ्या दिसायच्या. माझ्या हातात दिली तर हात खाली गेला, इतकी जड. दादाला धाप लागली होती. "बाबा, आलं," तो म्हणाला. बाबांनी कांडी पंच्यावर घेतली. त्यांचे डोळे भरून आले होते. मग उठले, पाय धुतले, टोपी घातली.

"काळकाईचं नवं हाय. देऊन येतो."

दादा म्हणाला, "साहेब येऊ दे की बाबा. तेंनी बघितल्यावर देऊ."

"साहेबाला डोंगरभर मिळणार हाय रे. एवढं पोटात हाय तर एक वीत काय? पहिलं कुणाचं ते ठरलेलं हाय. साहेबाचा मान दुसऱ्याचा."

यात चोरी होती असं आमच्या तिघांच्याही मनाला शिवलं नाही, हे वाचणाऱ्याने समजून घ्यावं. पहिली लोंबी देवीला दिली म्हणून शेत कमी होत नाही. साहेबांच्या त्या खोक्यात प्रत्येक वीत मोजलेली असते आणि एक वीत म्हणजे सगळा डोंगर असू शकतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. जाता जाता बाबांनी खोक्याकडे पाहिलं. सातवं खोकं, तिसरी ओळ. दादाने मांडलेल्या दोन पांढऱ्या कांड्यांच्या मध्ये वीतभर जागा मोकळी. "रिकामं नको ठेवू," ते दादाला म्हणाले. दादाने बाजूला टाकून दिलेल्या तुकड्यांतली काळ्या दगडाची एक कांडी उचलली, ठोकून वीतभर केली आणि मध्ये बसवली. छान बसली. मीच खोक्याला झाकण लावलं. जागा मोकळी राहिली असती तर साहेबांनी आल्याबरोबर विचारलं असतं, इथलं काय झालं? आणि आम्ही आनंदाने सांगितलं असतं. ती आम्ही भरली, तिथे सगळं संपलं.

साहेब आले. सातवं खोकं उघडून त्यांनी भिंग लावलं आणि वहीत लिहिता लिहिता स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले की शीर इथं दुभंगलेली दिसते, मध्ये काळा दगड शिरलाय, आणि शिशाचा मागमूस नाही. बाबा दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसतं कोडं पडल्यासारखं होतं. ते मला म्हणाले, पुढच्या भोकात निघेल. पुढच्या भोकात गार निघाली, शिसं नाही. त्याच्या पुढच्या भोकात गारही चार बोटंच. होळीच्या आसपास साहेबांचं बोलणं कमी झालं आणि एके दिवशी त्यांनी सांगितलं की मशीन उतरवायचा हुकूम आला आहे.

त्या दिवशी दादा पहिल्यांदा बाबांवर आवाज चढवून बोलला. परड्यात, आईला ऐकू जाणार नाही इतक्या लांब. "जावा आणि साहेबाला सांगा. नायतर देवळातनं आणून द्या तो दगड." बाबा म्हणाले, दिलेलं परत कसं मागू? मग म्हणाले, कौल लावून बघतो. देवीने उजवा दिला तर आणतो. आम्ही तिघंही देवळात गेलो. गुरवाने काळकाईच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि बाबांना प्रश्न मनातच धरायला सांगितलं. दगड देवीच्या पायाशी होता, हळदकुंकवाने माखलेला, तरी चमक लपत नव्हती. गुरवाला वाटायचं, ओढ्यात मिळाला असेल. आम्ही बसून राहिलो. देवळात उकाडा, घंटेवर माशी, आणि पाकळी काही हलेना. मग डावीकडची पडली. बाबांनी जमिनीला डोकं टेकलं. दादा उठून बाहेर गेला आणि पायरीवर बसून म्हणाला, "तिला शिसं लागतंय, आमची भाकर नाय दिसत." त्याचं ते बोलणं मला तेव्हा पाप वाटलं. आता वाटत नाही.

ट्रक भरायच्या दिवशी सकाळी मी एकटी देवळात गेले. कुणी नव्हतं. मी दगड उचलला, परकराच्या ओच्यात गुंडाळला आणि पळत सुटले. मी कौल मोडला होता, तरी पाय थांबले नाहीत. पडवीसमोर ट्रक उभा होता, साहेब कपातला चहा संपवत होते. दादा ट्रकमध्ये खोकी रचत होता. मी दगड साहेबांपुढे धरला. त्यांनी कप भिंतीवर ठेवला आणि दगड दोन्ही हातांनी घेतला. एवढा बदललेला चेहरा मी दुसरा पाहिला नाही.

"कुठून आणलास हा?"

सातवं खोकं, तिसरी ओळ. एवढंच बोलायचं होतं. माझ्या जिभेवर होतं. पण आजूबाजूला मिस्त्री होता, ट्रकवाला होता, गावातली चार माणसं होती, आणि राखणदाराने राखणीतलाच माल उचलला हे त्या सगळ्यांसमोर माझ्या तोंडून जाणार होतं. बाबांना लोक चोर म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"ओढ्यात मिळाला," मी म्हटलं.

"ओढ्यात कुठे? शिरेत होता की सुटा?"

"सुटाच. वाहत आला असंल."

साहेबांनी तो उन्हात फिरवला, कुंकू अंगठ्याने पुसून पाहिलं. कडा झिजलेल्या नव्हत्या, वाहत आलेल्या दगडाच्या झिजतात, आणि एक बाजू गोल होती. त्यांना शंका आली असावी, कारण त्यांनी मला पुन्हा विचारलं, अगदी हळू, नीट आठवून सांग म्हणून. मी मान हलवली, ओढ्यातच म्हणून. ते म्हणाले, "बाळ, हा कातळातून माझ्यासमोर निघाला असता तर आज मी मशीन हलू दिलं नसतं. दगड कुठला ते कळलं नाही तर मला त्याचा काही उपयोग नाही." मी मागे वळले तर बाबा उभे होते. टोपी हातात. ते कधी आले मला कळलं नव्हतं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, भाकरी बांधून दिली हाय, वाटेत खावा." साहेबांनी दगड माझ्या हातात परत दिला. ट्रक दुपारी गेला आणि दादा त्याच ट्रकमधून गेला. मिस्त्रीने त्याला पुढच्या कामावर घेतो म्हटलं होतं. कारखान्यातली जागा केव्हाच भरली होती.

दादा मशीनमागून फिरत फिरत पार उत्तरेकडे गेला आणि शेवटी एका शिशाच्या खाणीत जमिनीखाली कामाला लागला. पत्रं यायची, हिंदी शब्द मिसळलेली, दर वर्षी छोटी होत गेलेली. लग्न केलं नाही. गावी दोनदा आला, दुसऱ्यांदा आला तेव्हा पायऱ्या चढताना मध्ये बसायचा. छातीत दगडाची धूळ भरली होती. चाळिशी गाठली न गाठली आणि तिकडच्याच दवाखान्यात गेला. खबर आम्हाला आठ दिवसांनी मिळाली, तोवर तिकडे सगळं आटोपलं होतं. आईने त्याची वाटी काढून ठेवायचं पुन्हा सुरू केलं आणि ती मात्र परत पातेल्यात ओतायची नाही, गाईला घालायची. आई त्यानंतर फार जगली नाही. कोंडातले बाकीचे पुरुष जसे जायचे तसे जात राहिले.

तळीयेची दरड कोसळली त्यानंतर आमच्याकडचेही डोंगर तपासायला शिकलेली मुलंमुली आली. त्यातल्या एकीला कुणीतरी माझा पत्ता दिला, जुनी भोकं कुठे कुठे पाडली होती ते विचारायला. ती इथे, याच खिडकीशी बसली होती. मोबाइलवर तिने जुन्या अहवालाचं एक पान दाखवलं. आमच्या शिरेबद्दल पाच-सहा ओळी होत्या. शीर दुभंगते, मध्ये काळा दगड, पुढे तपास करण्याजोगं काही नाही, अशा अर्थाच्या. मी तिला विचारलं, समजा त्या जागी वीतभर शिसं निघालं असतं तर? ती मुलगी प्रामाणिक होती. म्हणाली, "काय सांगू आजी, अजून चार-पाच भोकं नक्की घेतली असती. त्यात निघालं असतं, नसतंही. एका वितीवर खाण होत नाही." मी म्हटलं बरं. तिला चहा दिला. ती गेल्यावर मी दिवसभर काही खाल्लं नाही. निघालंच नसतं असं ती म्हणाली असती तर मी सुटले असते. निघालंच असतं असं म्हणाली असती तर निदान रडायला काही ठोस हाती आलं असतं.

ती मुलगी यायच्या कितीतरी वर्षं आधी बाबांचं शेवटचं दुखणं मी माहेरी राहून काढलं. ते पडवीतच झोपायचे, जिथे खोकी असायची तिथे. इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं एका शब्दाने बोललो नव्हतो. एका सकाळी मी त्यांना पेज भरवत होते. दोन घास झाल्यावर त्यांनी माझा हात धरून थांबवला.

"त्या दिवशी मी सांगायलाच आलो व्हतो गो," ते म्हणाले. "कौल डावा दिला तरी. टोपी काढून उभा व्हतो. पण तू ओढ्यात म्हणालीस. आता मी खरं बोललो तर चार माणसांत माझी पोर खोटी पडते. मग गप बसलो."

पेज वाटीत थंड होत होती. बाबांनी डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने, मला वाटलं झोप लागली, तेव्हा पुन्हा बोलले.

"वसंता ट्रकमधनं ऐकत व्हता. तेचीच नोकरी जात व्हती. मला वाटलं, तो तरी बोलंल."

मलाही त्या दिवशी नेमकं तेच वाटलं होतं. हे मी बाबांना सांगितलं नाही.